डावीकडचं मिसिंग: रबाळ्याच्या शेडमधले बारा रविवार

सुरुवातीलाच सांगतो, आमचं विमान अजून उडालेलं नाही. ते कधी उडेल हे माझ्या हातात नाही आणि हा लेख त्याबद्दल नाही. मी आणि माझा मेहुणा गेली काही वर्षं एक दोन आसनी सीएच ७०१ जोडतोय. कोणीतरी अर्धवट सोडलेलं किट आम्ही घेतलं होतं. त्याचं इंजिन पहिल्यांदा नीट चालवलं तेव्हा ते मिसिंग मारायला लागलं, म्हणजे चालता चालता गचके खायला लागलं. ते शोधून काढण्यात १६ नोव्हेंबर २०२५ ते १ फेब्रुवारी २०२६ असे बारा रविवार गेले. यातले निदान चार मी स्वतःच्या घाईपायी वाया घालवले. घरी विमान किंवा मायक्रोलाइट (अगदी हलकं, छोटं विमान) बांधणारे आपल्याकडे मोजकेच आहेत आणि मराठीत याबद्दल काही सापडत नाही, म्हणून लिहून ठेवतोय.

आधी थोडं जागेबद्दल. मी राहतो नौपाड्यात. शेड रबाळे एमआयडीसीत, भाड्याची. ठाण्याहून वाशीची लोकल पकडली की दिघा गाव, ऐरोली आणि मग रबाळे. पंख काढून भिंतीला टेकवलेले, नाहीतर शेडमध्ये माणूस उभा राहणार नाही. या विमानाच्या टाक्या पंखांत असतात, त्यामुळे चाचणीसाठी इंधन एका वेगळ्या २० लिटरच्या टाकीतून. शेपटी शेडच्या लोखंडी कॉलमला साखळीने बांधलेली, चाकांना लाकडी ठोकळे, दोन अग्निशामक आणि पंख्यापासून (प्रोपेलरपासून) लांब उभा असलेला मेहुणा. इंजिन रोटॅक्स ९१२ यूएल, ८० अश्वशक्तीचं, सेकंडहँड, ६०० हून जास्त तास चाललेलं.

पेट्रोल साठवण्याबद्दल बरेच जण विचारतात. विक्रीसाठी नसेल तर ३० लिटरपर्यंत परवाना लागत नाही, पण डबा धातूचा हवा. खरी अडचण पंपावर येते. प्लास्टिकच्या कॅनमध्ये तर कोणी देतच नाही, धातूच्या जेरीकॅनलाही 'कशाला पाहिजे?' हा प्रश्न ठरलेला. आम्ही भाडेकराराची प्रत आणि एक साधं पत्र सोबत ठेवायला लागलो, मग प्रश्न संपले. इंजिन चालवण्याआधी जवळच्या पोलीस ठाण्यात आणि एमआयडीसीच्या अग्निशमन केंद्रात एक-एक अर्ज देऊन दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का घेतला होता. मेहुणा म्हणाला होता, "दाजी, कोण विचारणार आहे?"

पहिल्याच रविवारी विचारलं. पंख्याच्या वाऱ्याने शेजारच्या पुठ्ठ्याच्या कारखान्यातले घडी घातलेले खोके रस्त्यावर गेले आणि कोणीतरी फोन केला. दोन हवालदार आले. शिक्क्याची प्रत पाहिली, औद्योगिक भागात दिवसा ७५ डेसिबलची मर्यादा आहे याची आठवण करून दिली, दुपारी एकच्या आत आटपायला सांगितलं आणि जाताना कॉकपिटमध्ये बसून एक फोटो काढून घेतला. शेजाऱ्यांचे खोके आम्ही गोळा करून दिले. तेव्हापासून शटरचं तोंड दुसरीकडे आणि वेळ अकरा ते एक.

आता इंजिनाकडे येतो.

१६ नोव्हेंबरला तेल गरम होईपर्यंत सगळं छान होतं. रोटॅक्समध्ये सुरू करण्याआधी इग्निशन बंद ठेवून पंखा हाताने फिरवत राहावं लागतं, तेलाच्या टाकीतून 'गुळूक' असा आवाज येईपर्यंत. तो आवाज आला, पहिल्या सेल्फला इंजिन लागलं, आम्ही दोघंही लहान मुलांसारखे हसलो. तेल ५० अंशांवर गेल्यावर थ्रॉटल पुढे केला. मिनिटाला २८०० फेऱ्यांच्या आसपास पूर्ण विमान थरथरायला लागलं. गचके, मधेच एखादा 'फट्'. ३४०० च्या पुढे गेलं की बरंच सुधारायचं. खाली आणलं की पुन्हा तेच. जमिनीवर डाव्या बाजूला हाताच्या पंजाएवढा ओला डाग होता आणि पेट्रोलचा वास येत होता. मी तो चाचणीच्या टाकीच्या नळीचा समजलो, क्लिप आवळली आणि विसरलो. हा डाग लक्षात ठेवा. मी ठेवला नाही.

मिसिंग म्हटलं की आपल्या डोक्यात पहिला शब्द येतो तो 'प्लग'. लहानपणापासून स्कूटरने तेवढंच शिकवलेलं. या इंजिनात चार सिलिंडर आणि प्रत्येकी दोन प्लग, म्हणजे आठ. सोमवारी ठाण्यातून एनजीके डीसीपीआर७ई आठ नग घेतले, १,९२० रुपये. प्लगच्या कॅपही जुन्या दिसत होत्या. त्या आठ मिळवायला पाच दिवस आणि ३,२०० रुपये गेले. २३ तारखेला सगळं बदललं. जुने आठही प्लग काढून एका प्लास्टिकच्या पिशवीत टाकले, खळ्ळकन. इंजिन लावलं. २८०० ला तीच थरथर.

३० नोव्हेंबरला कार्ब्युरेटरकडे वळलो. या इंजिनाला दोन बिंग कार्ब्युरेटर असतात. उजवा १ आणि ३ नंबरच्या सिलिंडरला मिश्रण देतो, डावा २ आणि ४ ला. दोन्ही सारखे उघडले नाहीत तर इंजिन हलतं, म्हणून ४,५०० रुपयांचे व्हॅक्यूम गेज आणले, केबली जुळवल्या, जेट साफ केले. थोडा फरक वाटला. 'वाटला' हाच शब्द बरोबर आहे. मेहुणा म्हणाला, "सुधारलंय." मी म्हणालो, "हो, सुधारलंय." घरी जाताना ऐरोली येईपर्यंत दोघांनाही कळलं होतं की काही सुधारलेलं नाही.

मग मात्र माणूस शोधला. डोंबिवलीचे एक काका, हवाई दलातून सार्जंट म्हणून निवृत्त झालेले, नंतर काही वर्षं एनसीसीच्या मायक्रोलाइटवर काम केलेलं. एनसीसीच्या व्हायरस विमानांत हेच ८० अश्वशक्तीचं रोटॅक्स असतं, त्यामुळे त्यांना हे इंजिन घरच्यासारखं. फोनवर त्यांनी एकच विचारलं, "जुने प्लग कुठल्या क्रमाने काढून ठेवलेत?" मी पिशवीचं सांगितलं. पलीकडे थोडा वेळ शांतता. "बरं. येतो रविवारी."

७ डिसेंबरचा तो रविवार मी सविस्तर लिहितो, कारण खरी शोधाशोध त्या दोन तासांत झाली.

काका पाना हातात घेईनात. वहीत त्यांनी चार चौकोन काढले, प्रत्येकाच्या वर एक आणि खाली एक ठिपका. "तुमच्याकडे इग्निशन दोन, ए आणि बी. ए कुठे कुठे ठिणगी देतं, माहीत आहे?" नव्हतं. ए म्हणजे १ आणि २ चे वरचे प्लग आणि ३ व ४ चे खालचे. बी बरोबर उलट. "म्हणजे एक इग्निशन बंद केलं तरी चारही सिलिंडर चालतात. आता असं बघा, ए वर मिसिंग आणि बी वर नाही, तर दोष ठिणगीचा. दोन्हींवर सारखंच, तर आधी पेट्रोलकडे बघायचं."

इंजिन लावलं. ४००० फेऱ्यांवर आधी ए बंद, मग बी बंद. नियम असा, की एक इग्निशन बंद केल्यावर फेऱ्या ३०० हून जास्त पडता कामा नयेत आणि दोघांच्या घटीतला फरक ११५ च्या वर जाता कामा नये. आमची घट १४० आणि १६०. चोख. मग २९०० वर आणून तेच केलं. ए वर थरथर, बी वर थरथर, दोन्हींवर थरथर. माझे ५,१२० रुपये मी मनातल्या मनात मोजले.

नंतर त्यांनी इन्फ्रारेड थर्मामीटर मागितला. नव्हता. मेहुण्याने कोपऱ्यावरच्या औद्योगिक सामानाच्या दुकानातून ११०० रुपयांना आणला. चकचकीत स्टीलवर हे यंत्र वाट्टेल ते आकडे दाखवतं, म्हणून एक्झॉस्टच्या चारही नळ्यांवर सारख्याच अंतरावर काळ्या उष्णतारोधक रंगाचा ठिपका दिला. २९०० वर तीन मिनिटं चालवून बंद केलं आणि लगेच मोजलं. उजवीकडचे दोन २८१ आणि २८८ अंश. डावीकडचे १९२ आणि २०९.

"आता प्लग काढा," काका म्हणाले. "आणि पेपरवर मांडा, जसे इंजिनात आहेत तसे." यावेळी मी रद्दीच्या पेपरवर पेनने आकडे घालून मांडले. उजवीकडचे चारही चहात बुडवलेल्या बिस्किटाच्या रंगाचे. डावीकडच्या चारांवर मखमलीसारखी काजळी, बोट लावलं की निघणारी. दोन आठवडे जुने नवे प्लग. डाव्या बाजूला पेट्रोल जास्त जात होतं, ठिणगीपाशी मिश्रण इतकं दाट की पेटतच नव्हतं. आणि मग काकांनी वाकून जमिनीवरच्या डागाला बोट लावून वास घेतला. "हे कधीपासून?"

पहिल्या दिवसापासून.

बिंग कार्ब्युरेटरच्या वाटीत दोन सुटे फ्लोट असतात, सुपारीपेक्षा थोडे मोठे, काळे, हलके. पेट्रोलची पातळी वाढली की ते वर येतात आणि सुई बंद करतात. या इंजिनाच्या फ्लोटचा जगभर माहीत असलेला आजार असा, की काही फ्लोट हळूहळू पेट्रोल पितात, जड होतात आणि वर यायचं तसे येत नाहीत. मग पातळी वाढत जाते, मिश्रण दाट होतं आणि उरलेलं पेट्रोल बाहेर ठिबकतं. जोडीचं वजन ७ ग्रॅमच्या वर गेलं की फ्लोट बदलायचे.

सात ग्रॅम मोजायचे कशावर? ऑनलाइन मिळणारा ५०० रुपयांचा काटा मी आणला. एकच फ्लोट त्याने पहिल्यांदा ३.२ आणि दुसऱ्यांदा ३.७ दाखवला, तो परत पाठवला. शेवटी नौपाड्यातल्या आमच्या नेहमीच्या सोनाराकडे गेलो. मंगळवार, ९ डिसेंबर. तोवर फ्लोट दोन दिवस माझ्या ऑफिसच्या बॅगेत होते, रुमालात गुंडाळलेले.

सोनारांनी एक फ्लोट चिमट्याने उचलला, दिव्याखाली धरला. "सोनं नाही, चांदी नाही. काय म्हणायचं याला?"

"विमानाचा भाग आहे, काका."

त्यांनी माझ्याकडे, मग फ्लोटकडे बघितलं आणि काहीही न बोलता काट्याची काच सरकवली. डावी जोडी ६.८४. उजवी ६.२१. दोन्ही सातच्या आत. मी डोंबिवलीच्या काकांना फोन लावला, थोडा विजयी सुरात, की फ्लोट चांगले आहेत. ते म्हणाले, "ओले मोजलेत की सुके?"

मी पुन्हा चूक केली होती. बाहेर ठेवलेला फ्लोट प्यायलेलं पेट्रोल सोडून देतो. वाटीतून काढला की पुसून लगेच मोजायचा. १४ डिसेंबरला तेच फ्लोट परत घातले, इंजिन चालवलं, वाटी भरलेली ठेवून आठवडाभर तसेच बुडू दिले. २१ तारखेला दुपारी वाटी उघडली, फ्लोट थोड्या पेट्रोलसकट स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात, आणि मेहुण्याच्या मोटारसायकलवरून थेट नौपाडा. लोकलमध्ये पेट्रोल नेता येत नाही आणि नेऊही नये. दुकानात डबा उघडल्याबरोबर वास पसरला. मंगळसूत्र बघायला आलेल्या एक आजी पदर नाकाला लावून उठल्या. सोनारांनी आम्हाला डब्यासकट फुटपाथवर काढलं. तिथेच फ्लोट पुसले आणि एक-एक करून आत नेले. डावी जोडी ७.६३. उजवी ६.२४.

२२ डिसेंबरला दोन्ही बाजूंचे नवे फ्लोट आणि गॅस्केट युरोपातून मागवले. एका बाजूचेच का नाही? उजवे आज बरे आहेत, पण वय तेच. माल २२,३०० रुपये.

तीनच दिवसांनी, २५ डिसेंबरला, नवी मुंबई विमानतळावरून प्रवासी विमानं उडायला लागली. आमच्या शेडपासून अंतर फार नाही. आमचं विमान साखळीला बांधलेलं, पंख भिंतीला, कार्ब्युरेटर उघडे.

वाट बघताना २८ तारखेला दुसरं एक काम केलं. २०२५ मध्ये आपल्याकडे पंपावरचं साधं पेट्रोल २० टक्के इथेनॉलवालं झालंय. रोटॅक्स या इंजिनाला १० टक्क्यांपर्यंतच चालतं म्हणते. हे मला आधीच माहीत असायला हवं होतं, आणि आम्ही बिनधास्त साधं पेट्रोल वापरत होतो. तपासायला सोपं आहे. शाळांना प्रयोगशाळेचं सामान पुरवणाऱ्या दुकानातून १८० रुपयांचा १०० मिलिलिटरचा मापनळा घ्या. १० मिलिलिटर पाणी ओता, त्यावर १०० च्या रेघेपर्यंत पेट्रोल. तोंड बंद करून हलवा, दहा मिनिटं थांबा. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात जातं, त्यामुळे खालचा थर वाढतो. साध्या पेट्रोलचा थर १० वरून २८ च्या जवळ गेला. ९० मिलिलिटरात १८, म्हणजे २० टक्के. तेव्हा लिटरला १६० रुपयांच्या आसपास मिळणाऱ्या १०० ऑक्टेनच्या पेट्रोलचा थर १० वरच राहिला. तेव्हापासून तेच वापरतो, आणि दर डब्याला हा प्रयोग करतो. मोकळ्या हवेत, आणि मापनळा स्वयंपाकघरात परत न नेता. आमचे फ्लोट इथेनॉलमुळेच जड झाले असं मी म्हणत नाही. विमानाचं पेट्रोल वापरणाऱ्यांचेही फ्लोट बुडालेले आहेत.

पार्सल ३१ डिसेंबरला मुंबईत आलं आणि तिथेच बसलं. कुरिअर कंपनीने आधी आधार आणि पॅन मागितलं, ते दिलं. मग ईमेल, की हा मोटारसायकलचा भाग आहे का. मग आणखी एक, की विमानाचा असेल तर कंपनीचं पत्र द्या. कंपनी कुठली? आम्ही दोघंच. फोनवर दरवेळी वेगळा माणूस आणि पहिल्यापासून गोष्ट. शेवटी इंजिनाच्या नंबरपाटीचा फोटो, पार्ट कॅटलॉगचं ते पान आणि 'वैयक्तिक वापरासाठी, विक्रीसाठी नाही' असं सही केलेलं पत्र एकाच पीडीएफमध्ये करून पाठवलं, तेव्हा हललं. पाठवणाऱ्यालाच बिलावर ८४०९ १० ०० हा कोड आणि 'विमानाच्या पिस्टन इंजिनाचा भाग' असं स्पष्ट लिहायला सांगा. आमच्या बिलावर फक्त 'फ्लोट' होतं. शिपिंग, शुल्क आणि त्यांचा हाताळणी आकार मिळून ७,३०० रुपये. १२ जानेवारीला पार्सल घरी आलं. आईने सही करून घेतलं आणि विचारलं, "इतक्या मोठ्या खोक्यात एवढंसंच?"

१८ जानेवारीला नवे फ्लोट बसवले. बसवण्याआधी वजन अर्थातच करून आणलं होतं. २९०० वर इंजिन लोण्यासारखं. मेहुण्याने अंगठा दाखवला. ४००० वर इग्निशन तपासलं तर ए बंद केल्यावर, म्हणजे एकट्या बीवर, फेऱ्या ३४० ने पडल्या.

माझं तोंड बघून काका हसले. नळ्यांचं तापमान घेतलं, यावेळी फक्त बीवर चालवून. ३ नंबरची नळी थंड. बी म्हणजे ३ चा वरचा प्लग. कॅप हातात घेतली तर केबलवरून तीच अलगद निघून आली. या कॅप केबलवर स्क्रूसारख्या फिरवून बसवायच्या असतात. २३ नोव्हेंबरला मी ती दीड आटा फिरवून सोडली होती. ७ डिसेंबरला तिने कसंबसं धरलं होतं, थरथरून थरथरून सुटली. म्हणजे जो भाग खराब नव्हताच तो मी बदलला आणि त्यातून नवा दोष तयार केला. आठही कॅप पुन्हा काढून, केबलचं टोक ताजं कापून, घट्ट बसवल्या. घट १३० आणि १५०.

२५ जानेवारीला व्हॅक्यूम गेज लावून कार्ब्युरेटर परत जुळवले. डावीकडची पातळी बदलल्यावर आधीचं जुळवणं निरर्थकच होतं. १ फेब्रुवारीला थांबत थांबत तासभर चालवलं. चारही नळ्या २७८ ते २९० च्या मधे, जमीन कोरडी. काकांनी लॉगबुकात नोंद करून सही केली. प्रत्येक रनची तारीख, वेळ, तापमान, कोणतं पेट्रोल, काय बदललं हे सगळं आम्ही लिहितो, माझी पिशवीभर प्लगची चूकसुद्धा. पुढे परवानगीसाठी डीजीसीएसमोर, म्हणजे नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकासमोर, जायचंय. अमोल यादव यांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर विमान बांधलं आणि त्याच्या नोंदणीला २०१७ उजाडलं, त्यामुळे कागद आत्तापासून नीट ठेवलेले बरे.

एकूण खर्च सुमारे ४०,५०० रुपये, शेडचं भाडं आणि पेट्रोल सोडून. यातले फ्लोट, त्यांचं शुल्क, थर्मामीटर आणि मापनळा एवढेच खरे लागले, म्हणजे ३१,००० च्या आतच. काकांनी पैसे घेतले नाहीत. दर रविवारी मिसळ मात्र आमच्याकडून, आणि तर्री वेगळी.

नव्या फ्लोटचं पहिलं ओलं वजन १ मार्चला करायचंय. सोनारांना सांगून ठेवलंय. त्यांची एकच अट आहे, डबा फुटपाथवर.